'दोनच घेतलेत' म्हटलं तरी गाडी सुरू होणार नाही! इग्निशन इंटरलॉक म्हणजे काय, आणि ते आपल्याकडे चालेल का?

रविवारी दुपारनंतर चोर्ला घाटात बेळगावकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. अनमोडवरून रामनगर-खानापूरला येणारा रस्ता घ्या, तिलारीचा घाट चढून चंदगडला येणारा घ्या, नाहीतर आंबोलीवरून आजरा-गडहिंग्लजकडे उतरणारा घ्या, चित्र तेच. गोव्यात दोन दिवस काढून मंडळी घरी निघालेली असतात. निघताना यातल्या बऱ्याच गाड्यांत एक संवाद ठरलेला असतो.

"चालवतोस काय तू?"

"होय की. दोनच घेतलेत. काय होत नाही."

मागच्या सीटवर बायकापोरं असतात, म्हातारे आईवडील असतात. मनात शंका असते, पण बोलत कोणी नाही. गाडी भावोजींची असते, नाहीतर थोरल्या दादाची असते, नाहीतर ड्रायव्हर भाड्याचा असतो आणि रात्र होत आलेली असते. मग "जरा हळू जाऊया" एवढंच म्हणायचं आणि डोळे मिटून बसायचं.

हे 'नको' म्हणायचं काम माणसाऐवजी गाडीनेच केलं तर? जगातल्या बऱ्याच देशांत अशी सोय गेली काही दशकं वापरात आहे. तिला इग्निशन इंटरलॉक म्हणतात, युरोपात अल्कोलॉक हे नाव जास्त चालतं. ते काय आहे, कसं चालतं, कुठे यशस्वी झालं, कुठे फसलं आणि आपल्याकडे त्याचा किती उपयोग, ते सविस्तर पाहू.

आधी हिशोब: 'दोनच' म्हणजे किती?

मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. त्यामुळे निपाणी असो, पणजी असो, इंदूर असो की हैदराबाद, मर्यादा एकच: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या वर गेलात की कलम १८५ लागतं. दारूचे दर आणि परवाने राज्यागणिक बदलतात, गुजरातमध्ये तर दारूबंदीच आहे, पण स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसासाठीचा हा आकडा सगळीकडे सारखाच आहे.

आता एक मोठा पेग धरा, ६० मिलिलिटर. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोलचं प्रमाण साधारण ४२.८ टक्के असतं. म्हणजे त्या एका पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आलं. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी तो घेतला तर रक्तातलं प्रमाण ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकतं. म्हणजे मर्यादा पहिल्याच मोठ्या पेगला ओलांडली! दोन पेगांना आकडा ८०-८५ वर जातो, मर्यादेच्या अडीच पटीहून जास्त. पोटात जेवण असेल तर आकडा थोडा खाली येतो, वजन कमी असेल तर वर जातो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूला त्यांचा आकडा जास्त येतो.

उतरायला किती वेळ लागतो? यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढ्याच वेगाने अल्कोहोल संपवतं. काहींचा वेग थोडा कमी, काहींचा थोडा जास्त. ताक, लिंबूपाणी, कडक कॉफी, तोंडावर गार पाणी, यातल्या कशानेही तो वेग वाढत नाही. कॉफीने झोप उडेल, पण दारू उतरणार नाही. ८५ वरून ३० वर यायला पावणेचार तास लागतात. पणजीहून चोर्लामार्गे बेळगाव तीन तासांच्या आसपासचा रस्ता. म्हणजे दोन मोठे पेग घेऊन लगेच निघालेला माणूस सगळा घाट मर्यादेच्या वर असतानाच चढतो आणि घरी पोचल्यावर कायद्यात बसतो.

सकाळचं गणितही असंच आहे. मध्यरात्री १२ वाजता रक्तात १२० असतील, तर सकाळी ६ वाजता, झोप झाल्यावर, आंघोळ केल्यावरही ३० शिल्लक असतात. सकाळच्या स्कूल व्हॅनच्या आणि पहाटेच्या दूध-भाजीच्या टेम्पोच्या बाबतीत हा हिशोब कोणी करत नाही.

यंत्र चालतं कसं?

हातात मावेल एवढं हे उपकरण डॅशबोर्डजवळ बसवतात आणि त्याची जोडणी स्टार्टरच्या वायरिंगला करतात. किल्ली फिरवली की आधी नळीत फुंकर मारावी लागते. साधारण सव्वा ते दीड लिटर हवा, काही सेकंद सलग. कारण तोंडातली वरवरची हवा उपयोगाची नाही, फुप्फुसाच्या तळातली हवा लागते. तिथे रक्त आणि हवा यांच्यात अल्कोहोलची देवाणघेवाण होते. ढोबळ प्रमाण असं धरतात की २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल असतं, तेवढं १ मिलिलिटर रक्तात असतं. पोलिसांचं श्वास तपासणारं यंत्रही याच प्रमाणावर चालतं.

आत फ्युएल सेल असतो. प्लॅटिनमचा थर असलेल्या पट्टीवर श्वासातलं अल्कोहोल आलं की त्याचं रासायनिक रूपांतर होतं आणि बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. अल्कोहोल जास्त, तर प्रवाह जास्त. तो मोजून यंत्र आकडा काढतं. ठरवलेल्या मर्यादेच्या खाली असेल तर स्टार्टरला वीज जाते आणि गाडी सुरू होते. वर असेल तर काही मिनिटं थांबून पुन्हा फुंका. पुन्हा नापास झालात तर थांबण्याचा वेळ वाढत जातो. अमेरिकेत ही मर्यादा बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरला २० ते २५ मिलिग्रॅमवर ठेवतात, म्हणजे आपल्या कायद्यातल्या आकड्यापेक्षाही खाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हे यंत्र चालू गाडीचं इंजिन बंद करत नाही. घाटात वळणावर गाडी मध्येच बंद पडेल ही भीती बऱ्याच जणांना वाटते, पण त्याचा ताबा फक्त गाडी सुरू करण्यावर असतो.

"क्लीनर फुंकेल की!"

आपल्याकडे हे यंत्र सांगितलं की पहिला प्रश्न हाच येतो. तो जगभर आला आणि त्यावर उत्तरंही शोधली गेली.

पहिलं उत्तर म्हणजे प्रवासातली फेरतपासणी. गाडी निघाल्यावर काही मिनिटांनी, आणि पुढे अधूनमधून, यंत्र बीप देतं. ठरलेल्या वेळात गाडी बाजूला घेऊन पुन्हा फुंकावं लागतं. दुसऱ्याकडून फुंकून घेऊन निघालेला इथे अडकतो. सुरुवातीला शुद्धीत असलेला आणि वाटेत धाब्यावर बसलेलाही इथेच अडकतो. फुंकलं नाही किंवा नापास झालात तर बऱ्याच यंत्रांत हॉर्न वाजायला लागतो, दिवे उघडझाप करतात आणि घटनेची नोंद होते.

दुसरं उत्तर कॅमेऱ्याचं. फुंकणाऱ्याचा फोटो निघतो. तिसरं, फुंकण्याची पद्धत. काही यंत्रांत फुंकता फुंकता घुमल्यासारखा आवाज काढावा लागतो, काहींत आधी फुंकून मग हवा ओढावी लागते. नवख्याला हे पटकन जमत नाही. फुग्यातली किंवा पंपाची हवा दिली तर तापमान, दाब आणि दमटपणा यावरून यंत्र ती ओळखतं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं उत्तर म्हणजे नोंदवही. प्रत्येक फुंकर, प्रत्येक नकार, वायर काढण्याचा प्रत्येक खटाटोप तारीख-वेळेसकट साठतो. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी सेवा केंद्रावर न्यावी लागते. तिथे यंत्राचं कॅलिब्रेशन होतं आणि नोंदी कोर्टाकडे किंवा परवाना अधिकाऱ्याकडे जातात.

माउथवॉश, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा होमिओपॅथीचे थेंब घेतल्यावर लगेच फुंकलं तर आकडा चुकीचा येऊ शकतो, ही तक्रार खरी आहे. पण ते अल्कोहोल तोंडात असतं, रक्तात नसतं. चूळ भरून पंधरा मिनिटं थांबलात की ते निघून जातं. मधुमेहींच्या श्वासातल्या अ‍ॅसिटोनला फ्युएल सेल फसत नाही. दम्याचे किंवा वृद्ध रुग्ण एवढी हवा फुंकू शकत नाहीत, त्यांच्यासाठी वैद्यकीय दाखल्यावर सवलत द्यावी लागते.

कुठे काय झालं?

अमेरिकेत यावरचे प्रयोग १९६९ पासून सुरू झाले. १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून दोषी चालकांवर याची चाचणी घेतली. २००५ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने पहिल्यांदा पकडल्या गेलेल्यांनाही यंत्र सक्तीचं केलं. आज तिथल्या पन्नासही राज्यांत या यंत्राचा काही ना काही कायदा आहे. खर्च बहुतेक वेळा दोषी चालकालाच सोसावा लागतो.

परिणाम काय? यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा दारू पिऊन चालवताना पकडलं जाण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटतं, असं अनेक अभ्यासांचा एकत्र निष्कर्ष सांगतो. पण याच अभ्यासांत दुसरी बाजूही दिसली. यंत्र काढलं की हा फायदा बराचसा ओसरतो. म्हणजे कुलूप माणसाला थांबवतं, त्याची सवय मोडत नाही. म्हणूनच काही राज्यांनी नियम केला की मुदत संपली म्हणून यंत्र निघणार नाही, शेवटच्या काही महिन्यांच्या नोंदी स्वच्छ असतील तरच निघेल. अनेक ठिकाणी सोबत व्यसनमुक्तीचे उपचारही जोडले जातात.

युरोपने वेगळी वाट धरली. तिथे शिक्षेपुरतं न ठेवता हे यंत्र प्रवासी वाहतुकीत आणलं गेलं. स्वीडनमध्ये १९९९ पासून प्रयोग सुरू झाले. फिनलंडमध्ये २०११ पासून शाळा आणि पाळणाघरांच्या मुलांना नेणाऱ्या वाहनांत ते सक्तीचं झालं. फ्रान्सने २०१५ पासून प्रवासी बसगाड्यांना ते बंधनकारक केलं. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत यंत्र बसवण्याची सोय तयार ठेवावी लागते. यंत्र सगळ्यांना सक्तीचं नाही, पण जोडायचं ठरलं तर वायरिंग तोडफोड न करता जोडता आलं पाहिजे.

आणि एक फसलेला प्रयोगही सांगायला हवा. नेदरलँड्सने २०११ च्या अखेरीस दोषी चालकांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. खर्च मोठा होता आणि तो चालकांवर पडला. ट्रकचालकांना तर याचा फटका नोकरीवर बसला. एकाच गुन्ह्यासाठी प्रशासनाकडून यंत्र आणि कोर्टाकडून शिक्षा, अशी दुहेरी शिक्षा होते हा मुद्दा पुढे आला आणि २०१५ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या निकालांनंतर तो कार्यक्रम गुंडाळावा लागला. यंत्र चांगलं असून भागत नाही, कायदा नीट बसवावा लागतो, हा त्याचा धडा.

अमेरिकेत आता पुढची पायरी चालू आहे. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात, नव्या गाड्यांत दारू प्यायलेला चालक आपोआप ओळखणारं तंत्रज्ञान आणण्यासाठी नियम करा, असा आदेश आहे. नळीत न फुंकता, केबिनमधल्या हवेवरून किंवा बटणाला लागलेल्या बोटावरून अल्कोहोल ओळखण्याचं संशोधन २००८ पासून सुरू आहे. नियमासाठीची नोव्हेंबर २०२४ ची मुदत मात्र नियम न होताच उलटली.

आपला कायदा कुठे आहे?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोषी ठरल्यावर कोर्टाने किमान सहा महिने परवाना अपात्र ठरवावा, असंही कायदा म्हणतो. इग्निशन इंटरलॉकचा मात्र यात कुठे उल्लेख नाही.

परवाना गेला म्हणून माणूस गाडी चालवायचा थांबतोच असं नाही. परवाना खिशात असतो किंवा नसतो, किल्ली घरातच असते. इंटरलॉकचा युक्तिवाद इथेच आहे: कागद अडवण्यापेक्षा गाडी अडवा. सीमाभागासाठी हा मुद्दा आणखी जवळचा. तपासणी नाका एका जागी असतो आणि पोलिसांची हद्द राज्याच्या सीमेला संपते. गाडीतलं यंत्र मात्र गाडीबरोबर तिन्ही राज्यांत फिरतं.

रस्त्यावरच्या दारूला अडवायचा एक मोठा प्रयत्न आपण पाहिला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला. पुढे छोट्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झालं आणि नगरपालिकांच्या हद्दींना सूट मिळाली. ज्याला प्यायचीच आहे तो तेवढं अंतर चालून जातो, नाहीतर डिकीत घेऊन निघतो. बाटली किती लांब आहे याला एका मर्यादेपलीकडे अर्थ नाही. चालक कुठल्या अवस्थेत बसलाय, हे महत्त्वाचं.

मग इथे का नाही?

अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही.

पहिली, दुचाकी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यांतले ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरचे होते. उन्हापावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, किक मारून सुरू होणाऱ्या गाडीवर असलं यंत्र टिकवणं आणि फेरतपासणी करणं अवघड. म्हणजे आपल्या सगळ्यात मोठ्या प्रश्नाला हे औषध लागू पडत नाही.

दुसरी, आकडेवारी. सरकारी नोंदीत दारू आणि अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास दिसतो. पण ज्याची तपासणीच वेळेत झाली नाही, त्याची नोंद 'अतिवेग' म्हणून होते. प्रश्न छोटा दिसला की उपायाला पैसे मिळत नाहीत.

तिसरी, देखभाल. तालुक्याच्या ठिकाणी कॅलिब्रेशन करणारी विश्वासू केंद्रं लागतील. स्पीड गव्हर्नरचा अनुभव ताजा आहे. पासिंगच्या दिवशी चालू, दुसऱ्या दिवशी वायर मोकळी. नोंदी तपासणारा कोणी नसेल तर इंटरलॉकचंही तेच होईल.

म्हणून सुरुवात सगळ्या गाड्यांपासून करण्यात अर्थ नाही. फिनलंड आणि फ्रान्ससारखी सुरुवात करता येईल: स्कूल बस, एसटी आणि परिवहन महामंडळांच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, रात्रीच्या खासगी बसगाड्या आणि टूरिस्ट परवान्याचे टेम्पो ट्रॅव्हलर. या गाड्यांना मालक आहे, ठरावीक काळाने फिटनेस तपासणी आहे आणि एका ड्रायव्हरच्या हाती वीस-पंचवीस जीव असतात. काही आगारांत ड्युटीवर चढताना चालकाचा श्वास तपासतात, पण ती तपासणी आगाराच्या दारापाशी संपते. रात्री अकराच्या जेवणाच्या थांब्यानंतर काय, याचं उत्तर गाडीतलं यंत्रच देऊ शकतं. दुसरा टप्पा कलम १८५ खाली दुसऱ्यांदा सापडलेल्या चारचाकीवाल्यांचा. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल, ती करताना नेदरलँड्सची चूक आधी वाचावी.

यंत्र येईपर्यंत

तोवर कुलपाचं काम माणसांनाच करायचं आहे. काही साध्या गोष्टी आहेत.

कोण चालवणार हे पहिला ग्लास भरायच्या आधी ठरवा. दोन घेतल्यावर प्रत्येकाला आपणच ठीक आहोत असं वाटतं.

लग्नाला किंवा देवदर्शनाला गाडी ठरवताना ड्रायव्हरचं जेवण आणि झोपायची जागा भाड्याच्या बोलण्यातच पक्की करा. वऱ्हाडात "घ्या हो तुम्ही पण थोडी" असा आग्रह ड्रायव्हरला होतो, तो होऊ देऊ नका.

किल्ली देणाऱ्यावरही जबाबदारी येते. दारू पिऊन चालवण्यास चिथावणी किंवा मदत करणाऱ्यालाही कलम १८८ खाली तीच शिक्षा होऊ शकते. विमा कंपनीही अशा अपघातात तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

ऑनलाइन मिळणारी स्वस्त श्वासतपासणी यंत्रं घेतलीत तर त्यांच्या आकड्यावर "२८ आलंय, चला" असं करू नका. त्यांत बहुधा साधा सेन्सर असतो आणि कॅलिब्रेशन कोणी करत नाही. काहीही आकडा दिसला तर 'नाही' समजा.

आणि स्कूल व्हॅनवाल्या काकांशी एकदा बोला. संशय म्हणून नव्हे. सकाळच्या सहाचा हिशोब त्यांनाही कोणी सांगितलेला नसतो.

यंत्र एका बाबतीत माणसापेक्षा सरस आहे. त्याला नातं कळत नाही. भावोजी असोत, साहेब असोत की पाहुणे, ते सगळ्यांना एकच सांगतं: फुंका. आपल्याला नात्यामुळे जे बोलता येत नाही, ते यंत्र न लाजता सांगतं. पुढच्या रविवारी घाटाच्या पायथ्याशी कोणी म्हणालं की "दोनच घेतलेत", तर पावणेचार तासांचं गणित सांगा. रात्र तिथेच काढायला लागली तर लागली. घाट सकाळी पण तिथेच असतो.